सव्वीस की अठ्ठावीस

विहीणबाई, आधी मुद्द्याचं सांगते. तुमचे मासे जिवंत आहेत. चारही. आमच्या डोंबिवलीच्या घरी, हॉलमध्ये, जिथे माझा टीव्ही होता तिथे तुमचा फिशटँक बसवलाय. टीव्ही आत गेला. आता संध्याकाळी मालिका बघायची तर मला नितीनच्या पलंगाच्या कडेला टेकावं लागतं आणि लेक माझा असला तरी पलंग त्याचा, त्यामुळे पाहुणी आल्यासारखं वाटतं. तेव्हा तुमच्या माशांसाठी मी काय सोडलंय ते लक्षात असू द्या.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. अजून फोन येतात. परवा तुमच्या हॉस्पिटलातल्या कुणी जुन्या सिस्टर म्हणाल्या, "इंदूताई फार शांत होत्या हो." मी "हो ना" म्हटलं, फोन ठेवला आणि एकटीच हसले. शांत! दर गुरुवारी एका बादलीवरून माझ्याशी भांडणारी बाई शांत? त्यांच्या त्या इंदूताई कोण, मला माहीत नाही. मी लिहितेय ते माझ्या विहिणीला.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तो दिवस आठवला की मला आजही पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. नितीन आणि तुमची मनीषा, दोघांचं जमलं होतं आणि तुम्ही ठाण्याहून बोलणी करायला येणार होतात. मी तेव्हा शाळेत गृहशास्त्र शिकवायचे आणि जगातली सगळी माणसं माझ्या आठवी ब मध्ये बसलेली आहेत अशी माझी समजूत होती. तुम्ही चेंदणी कोळीवाड्यातल्या, म्हणून मी खास सुरमई तळली. सोबत कालवण. स्वतःच्या मोठ्या मनाचं मला इतकं कौतुक वाटत होतं की आरशात बघून घेतलं. तुम्ही पाटावर बसलात, ताटाकडे बघितलंत आणि अगदी मऊ आवाजात म्हणालात, "मी सोमवार धरते. मला साधं वरणभात चालेल." घरात वरण शिजलंच नव्हतं! गृहशास्त्राच्या बाई डाळ धुवायला आत पळाल्या. त्या बाई आता मला भेटल्या तर मी त्यांना बाकावर उभं करीन.

त्या दिवशी कुकरची शिट्टी होईपर्यंत तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात. तुम्हाला हसू येत होतं ते मला पाठीमागूनही कळत होतं.

फिशटँक आला तो ओवीच्या, आपल्या नातीच्या, वाढदिवसाला. तिला मासे हवे होते. मी हात वर केले. तळलेल्या माशाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण जिवंत मासा काचेतून एकटक माझ्याकडे बघतो ते मला सोसत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मग माझ्याकडे ठेवा. मेलेलं म्हावरं जन्मापासून बघितलं. आता जिवंत बघते." ओवीची हौस शाळेची पुढची परीक्षा येईपर्यंत टिकली. आता ती हॉस्टेलवर असते आणि मासे दिसले की त्यांचे फोटो काढते. टँक राहिला, तुम्ही राहिलात आणि गुरुवार राहिला.

गुरुवार आपला पाणी बदलायचा वार. बादलीत नळाचं पाणी आदल्या दिवशी काढून ठेवायचं काम तुमचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. मी डोंबिवलीहून आले की त्या पाण्यात जरा गरम पाणी मिसळून ते टँकमधल्या पाण्याइतकं कोमट करायचं काम माझं. टँकमधलं थोडं जुनं पाणी काढायचं आणि तेवढंच हे नवं हळूच सोडायचं. काम अर्ध्या तासाचं. आपल्याला दुपार पुरायची नाही.

कारण तुम्ही नर्स. आयुष्यभर लोकांच्या काखेत थर्मामीटर लावलेल्या. टँकलासुद्धा तुम्ही काचेचा थर्मामीटर चिकटवला होतात आणि येता जाता त्याकडे अशा बघायचात की आता त्या एंजल माशांना नाडी दाखवायला सांगाल. आणि मी कोपरवाली. शाळेत मुलींना फळ्यावर लिहून द्यायचे: बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराला सोसेल असं असावं. नितीनच्या पहिल्या आंघोळीला मी इतका वेळ कोपर बुडवून विचार करत बसले की पाणी गार पडलं आणि पोर शिंकायला लागलं, एवढं मात्र फळ्यावर कधी लिहिलं नाही. पण तोरा तसाच राहिला. मी बाही वर करून बादलीत कोपर घालायचे आणि तुमचं डोकं सणकायचं. एरवी इतकं नीट बोलणाऱ्या तुम्ही, चिडलात की थेट कोळीवाड्यात पोचायचात. "कोपर काय थर्मामीटर हाय का गो?"

"थर्मामीटर यायच्या आधी मुलं वाढत नव्हती का?"

"वाढत होती. जी वाढली नाहीत ती सांगायला येत नाहीत."

मी बाही खाली करायचे आणि बादली उचलायचे.

तुमच्याकडे कालवण असलं की गॅस पेटवायच्या आधी तुम्ही टँकवर टॉवेल टाकायचात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "हे कशाला?"

"त्यांना दिसतं ना."

"काय दिसतं? कढई?"

"विहीणबाई, वॉर्डात एक पेशंट गेला की शेजारच्या खाटेचा पडदा ओढून घेतात. तसंच आहे हे." आणि तुम्ही शांतपणे खोबरं वाटायला घेतलंत. मी हसत सुटले. नंतर जेवताना माझं लक्ष सारखं त्या टॉवेलकडे जात राहिलं.

आपलं खरं भांडण मात्र आकड्याचं. तुमचं म्हणणं, हे मासे उष्ण देशातल्या नद्यांतले, त्यांना अठ्ठावीस डिग्री हवं. माझं म्हणणं, सव्वीस पुरे. पाणी जास्त ऊबदार झालं की त्यात हवा कमी राहते, मासे आधाशासारखे खातात आणि लवकर म्हातारे होतात. हे मी कुठे वाचलं होतं ते विचारू नका. तेव्हाही तुम्ही विचारलं होतंत. टँकमधल्या हिटरच्या डोक्यावर पाण्याची ऊब ठरवणारं लहानसं चाक होतं. मी निघताना चपला घालायच्या निमित्ताने टँकपाशी वाकायचे आणि ते जरा खाली फिरवायचे. तुम्ही दार लावलंत की वर. आठवडाभर तुमचं राज्य, गुरुवारी दुपारी माझं. आणि दोघींनाही वाटायचं, समोरचीला काही कळत नाही.

मग एका थंडीत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. बारीक मीठ भुरभुरल्यासारखे. मासे दगडांना अंग घासत फिरायला लागले. स्टेशनजवळच्या फिशवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला तर तो म्हणाला, "पाणी कधी गरम, कधी थंड असं होतंय का घरात?" तुम्ही छताकडे बघितलंत. मी पंख्याकडे. दोघी म्हाताऱ्या, एक सिस्टर, एक शिक्षिका, आणि त्या दुकानात आपल्याला माशांपेक्षाही कमी बोलता येत होतं.

ती लढाई मात्र तुम्ही लढलात. औषध होतंच, पण पाणी रोज थोडं थोडं चढवत तीस डिग्रीपर्यंत न्यायचं, एकदम नाही. मी हवेची मोटर दुसरी आणून लावली, कारण ऊबदार पाण्यात त्यांना धाप लागते हे माझं म्हणणं तुम्ही पहिल्यांदाच मान्य केलंत. एक गेला. बाकीचे वाचले. तो आठवडा मी तुमच्याकडेच राहिले. इतक्या वर्षांची विहीण, पण तुमच्या घरी रात्रीची उतरायची ती पहिलीच वेळ. तुम्ही नवी चादर काढलीत, मी तिची घडी मोडू नका म्हटलं, तुम्ही मोडलीत. संध्याकाळी आपण टँकसमोर खुर्च्या ओढून बसायचो. तुम्ही एकदा म्हणालात, "नोकरीत मी कधी एका पेशंटजवळ बसले नाही हो. बसायला वेळ कुठला? सलाइन लावलं की पुढच्या खाटेकडे. आता बसते बघा." मला बडबड करायची किती सवय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून सांगते, न बोलणं मला त्या दिवशी जमलं आणि ते तुमच्यामुळे जमलं.

त्यानंतर तह झाला. सत्तावीस. तुम्ही तुमच्या जुन्या पेटीतली चिकटपट्टी काढून चाकावर अशी आवळून लावलीत, जशी मोडलेल्या बोटाला लावतात. "आता हात लावायचा नाही. तुम्हीपण आणि मीपण." मी कबूल झाले. आणि खरंच सांगते, मी हात लावला नाही.

हे परत सांगायचं कारण, तुम्हाला ते पटलं नव्हतं. तुम्ही हॉस्पिटलात होतात, नाकातोंडावर मास्क. मी तुमचा हात धरला, तो गार होता. सवय वाईट, मी बाही वर केली आणि तुमच्या तळहाताला कोपर लावून बघितलं. तुमचे डोळे हसले. मग मास्क जरा बाजूला करून तुम्ही म्हणालात, "चाक हलवलंत ना?"

"नाही हो. शप्पथ."

"खोटं."

हा तुमचा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. लोकांना शेवटी काय काय ऐकायला मिळतं, आशीर्वाद, निरोप. मला हे मिळालं. पहिले काही दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत होते, की बाई, माझ्यावर विश्वास ठेवायला तुमचं काय जात होतं?

पण विहीणबाई, मी हे लिहायला बसले ते मनीषासाठी.

तुमची मुलगी माझी सून झाली तेव्हापासून मला एकदाही सरळ "हो" म्हणालेली नाही. आमटीत गूळ किती, पडदे कुठले, रिक्षा मानपाडा रोडने न्यायची की आतून, सगळ्याला तिचं "नाही, पण आई." मी तुमच्याकडे तक्रार करायचे आणि तुम्ही म्हणायचात, "मी काही दुकानात घेतली नाही तिला. आहे ती आहे." तुम्ही गेल्यावर तिने सगळं नीट केलं. रडली असेल तर ती कुणासमोर नाही. दहावं, तेरावं, ऑफिस, डबे. आणि एक नवीनच सुरू झालं. आमटीत मी गूळ जास्त घातला, मुद्दाम. "चांगली झालीय आई." हॉलचे पडदे जांभळे घेऊ म्हटलं. जांभळे! "घ्या ना आई." मी म्हणेन ते हो. एवढी वर्षं जी गोष्ट मिळावी म्हणून मी जीव टाकला ती मिळाली आणि मला भीती वाटायला लागली. माणूस घरात वावरतंय, पोळ्या करतंय, पण आत कुणी नाही.

तुमचं घर आवरायला आम्ही तिघं गेलो. नितीनने टँककडे बघितलं. "फिशवाला घेऊन जाईल म्हणाला." मनीषा कपाटातल्या साड्या काढत होती. न वळता म्हणाली, "हो, देऊन टाका." अख्खी सकाळ ती त्या हॉलमधून जात येत होती आणि एकदाही तिने टँककडे मान वळवली नाही. मी तेव्हाच ठरवलं.

"मासे माझ्याकडे येतील."

नितीन म्हणाला, "आई, तुला जिवंत मासा बघवत नाही ना?"

"आता बघवतो."

"आणि टीव्ही?"

"टीव्हीला पाय नाहीत का? जाईल आत." पाय नसतातच, पण त्याला वाद घालायला वेळ मिळू नये म्हणून काहीतरी बोलले.

तुमचे भाऊ मोरेश्वरदादा पेटी घेऊन आले. थर्माकोलची, बाजारात बर्फ आणि पापलेट भरून आणतात ती, स्वच्छ घासलेली. तुमच्या माशांना पाण्याच्या पिशव्यांत घालून, हवा भरून, वर रबर बांधून आम्ही त्या पेटीत ठेवलं आणि मध्ये बर्फाच्या जागी माझी गरम पाण्याची रबरी पिशवी, टॉवेलात गुंडाळून. दादा झाकण हातात धरून नुसतेच उभे राहिले. म्हणाले, "बाय, जलमभर या पेटीत बर्फ भरला. म्हावरा ऊबेत ठेवाला पेटी कवा कुणाला दिली नव्हती." मग झाकण लावलं आणि वरून हात फिरवला. तुमच्यासाठी त्यांना मी तेवढंच करताना बघितलं. पुरेसं होतं.

नितीन टँक आणि टँकचंच निम्मं पाणी टेम्पोतून पुढे घेऊन गेला, मनीषा ऑफिसला. मी पेटी मांडीवर घेऊन भाड्याच्या गाडीत. शिळफाट्याला नेहमीसारख्या गाड्या चिकटून उभ्या. ड्रायव्हर पोरगा वैतागला. "आजी, काच खाली करू द्या ना. गुदमरायला होतंय."

"नको. मासे गारठतील."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मासे गारच असतात ना?"

"मेलेले."

त्याने आरसा जरा दुसरीकडे फिरवला.

घरी पोचले तर लाइट गेलेले. एमआयडीसीत काहीतरी बिघाड झाला होता, कधी येतील कुणाला माहीत नाही. हिटर बंद, मोटर बंद. टँकमधलं पाणी तोवर गार पडलं होतं, थर्मामीटर तेवीस दाखवत होता. अशात मासे सोडले असते तर संपलेच. मग मी तुमची विद्या आणि माझी विद्या दोन्ही कामाला लावल्या. गॅसवर पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावून त्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या. गार झाल्या की पुन्हा भरायच्या. काचेला गोधडी गुंडाळली, थंडीत दह्याच्या भांड्याला गुंडाळते तशी. थर्मामीटर बघायला गोधडी सारखी उघडली तर ऊब जाते, म्हणून वरून कोपर. हसू नका. पंचवीस झालं तेव्हा माझ्या कोपराने सांगितलं पंचवीस, आणि मी गोधडी बाजूला करून खात्री केली. मग माशांच्या पिशव्या तशाच बंद पाण्यावर ठेवल्या, आतलं बाहेरचं सारखं होईपर्यंत, आणि मग सोडले.

मनीषा ऑफिसातून आली तेव्हा मी गोधडीतल्या टँकला टेकून पाण्यात हवा मिसळावी म्हणून वाटीने पाणी वर काढून पुन्हा वरून ओतत होते, मोटर बंद होती ना. ती दारात थांबली. मला वाटलं, आता पर्स टाकेल आणि येईल. म्हणाली, "लाइट नाहीत का?" आणि आत गेली. जेवायच्या आधी लाइट आले. हिटरचा छोटा लाल दिवा लागला. बघायला मी एकटीच होते.

पुढे काही दिवस मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. खाणं टाकलं की तसंच खाली जायचं. मी तासन्‌तास समोर बसायचे, तुमच्यासारखी. मग एका सकाळी त्या पट्ट्यापट्ट्यांच्या एंजलने एक कण तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी सगळे वर आले. आणि मला जरा जोर आला. प्रवासात तुमची चिकटपट्टी भिजून निघालीच होती. मी चाक फिरवलं. हळूहळू, दोन दिवसांत. सव्वीस. आता अडवायला कोण होतं?

हा परवाचा रविवार. मनीषा चहाचे कप घेऊन हॉलमधून जात होती. टँकपाशी तिची पावलं थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खाली वाकली आणि तिने थर्मामीटर बघितला.

"सव्वीस?"

"हो."

"आई अठ्ठावीस ठेवायची."

"सत्तावीस," मी म्हटलं. "आमचा तह झाला होता. पट्टी लावली होती त्यांनी."

मनीषाने कप टीपॉयवर ठेवले. "तुमच्यासमोर सत्तावीस. तुम्ही गेलात की पट्टी सोडवून अठ्ठावीस करायची. हळूहळू, म्हणे, माशांना कळू नये असं. आणि बुधवारी पुन्हा खाली आणून नवी पट्टी. मला फोनवर सांगायची. 'तुझ्या सासूला पत्ता नाही,' म्हणायची आणि इतकी हसायची, आई, इतकी हसायची की तिला..." ती तिथेच टँकसमोर जमिनीवर बसली आणि मग आलं सगळं, महिनाभराचं.

लबाड बाई. आणि मला म्हणत होतात, खोटं!

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. चहावर साय धरली. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच्या नाही, माझ्याच पदराने नाक पुसलं, उठली, हिटरपाशी हात नेला आणि चाक वर फिरवायला लागली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "सव्वीस चांगलं आहे."

"नाही."

असं म्हणाली, विहीणबाई. नाही. तोंड सुजलेलं, नाक लाल, आणि मान अगदी तुमच्यासारखी वाकडी केलेली.

मी माझी खुर्ची टँकजवळ ओढली. "का नाही? बस इथे आणि सांग मला."

ती बसली.